शर्यतीचा नियम आणि मैदानाचा दरवाजा

डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांच्या प्रश्नांची यादी करावयास कोणी बसले, तर तीत काय काय येईल हे सांगण्यास ज्योतिषी नको. वनहक्काचे रखडलेले दावे येतील, पावसाळा सरताच वीटभट्ट्यांकडे होणारे स्थलांतर येईल, नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या परिसराला बसलेले भूकंपाचे धक्के येतील. आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी ज्याची पायाभरणी झाली त्या वाढवण बंदराची किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी घेतलेली धास्ती तर येईलच. अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या जलतरणपटूने जिंकलेली शर्यत आणि तीवरून उठलेले वादळ त्या यादीत कोणी घालणार नाही. तरीही आम्ही आज त्या शर्यतीविषयी लिहीत आहोत, आणि हे दोन तालुके डोळ्यांपुढे ठेवूनच लिहीत आहोत. तसे का, ते पुढे ओघाने येईल. आधी मूळ प्रकरण वाचकांपुढे मांडणे प्राप्त आहे, कारण त्याविषयी जितके बोलले गेले तितके ते नीट सांगितले गेलेले नाही.

मार्च २०२२ मध्ये अटलांटा येथे अमेरिकन महाविद्यालयांच्या राष्ट्रीय जलतरण स्पर्धेत स्त्रियांची ५०० यार्ड मुक्त शैलीची शर्यत पेन्सिल्व्हानिया विद्यापीठाच्या लिया थॉमस हिने ४ मिनिटे ३३.२४ सेकंदांत जिंकली. दुसरी आलेली एमा वायंट तिच्या पावणेदोन सेकंद मागे होती. लिया ही पारलिंगी स्त्री, म्हणजे जन्माच्या वेळी पुरुष म्हणून नोंद झालेली आणि पुढे स्त्री म्हणून जगू लागलेली व्यक्ती. २०१७ साली ती विद्यापीठाच्या पुरुष संघात दाखल झाली. २०१९ च्या आयव्ही लीग स्पर्धेत पुरुषांच्या लांब पल्ल्याच्या तीन शर्यतींत तिचा दुसरा क्रमांक होता. मे २०१९ मध्ये तिने संप्रेरकांचे उपचार सुरू केले. स्त्री संघातून पोहण्यापूर्वी एक वर्ष असे उपचार घेतलेले असावेत, एवढीच त्या काळी महाविद्यालयीन क्रीडासंघटनेची अट होती, आणि लियाने तिच्या दुपटीहून अधिक काळ ते घेतले होते. तेव्हा तिने नियम चुकविला, हा आक्षेप कोणासच घेता येत नाही. आक्षेप आहे तो नियमावर.

तो आक्षेप पोकळ नाही, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. पौगंडावस्थेत पुरुषाच्या शरीराची जी घडण होते, उंची, हातापायांची लांबी, पंजाचा आकार, फुप्फुसांची धारणा, ती पुढे औषधांनी सगळीच परत जात नाही. जलतरणात अव्वल स्त्री आणि अव्वल पुरुष यांच्या वेळांत साधारण दहा टक्क्यांच्या आसपास अंतर असते. लियाची ५०० यार्डांची पुरुष संघातील सर्वोत्तम वेळ ४ मिनिटे १८.७२ सेकंद होती. म्हणजे उपचारांनंतर ती सुमारे साडेचौदा सेकंदांनी, साडेपाच टक्क्यांच्या आसपास, मंदावली. मंदावली हे खरे, पण पुरती मंदावली की नाही, हा प्रश्न उरतोच. दुसऱ्या बाजूस हेही सांगितले पाहिजे की याच अंतराचा केटी लेडेकीचा विक्रम लियाच्या वेळेहून नऊ सेकंदांनी सरस होता. आणि त्याच स्पर्धेत २०० यार्डांत लिया बरोबरीने पाचवी, तर १०० यार्डांत आठवी आली. सर्व स्त्रियांना धूळ चारणारा कोणी राक्षस तलावात उतरला होता, असे जे चित्र त्या दिवसांत रंगविण्यात आले, त्यास घड्याळाचा आधार नव्हता.

पुढचा घटनाक्रम थोडक्यात असा. जून २०२२ मध्ये बुडापेस्ट येथे जागतिक जलतरण महासंघाने ७१ टक्क्यांहून अधिक मतांनी नवा नियम केला. पुरुषी पौगंडावस्थेचा प्रारंभीचा टप्पा ओलांडलेल्या पारलिंगी स्त्रीस आंतरराष्ट्रीय स्त्री-स्पर्धांत उतरता येणार नाही. अशांसाठी एक 'खुला गट' निर्माण करण्याचे आश्वासन महासंघाने दिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये बर्लिनच्या विश्वचषक स्पर्धेत त्या गटाच्या शर्यती ठेवण्यात आल्या, आणि त्यांसाठी एकही प्रवेशिका आली नाही. जगभरच्या छायाचित्रकारांपुढे आपले वेगळेपण मिरवीत तलावात उडी घेण्यास कोणी पुढे आले नाही, यात नवल ते काय! लियाने क्रीडा लवादाकडे दाद मागितली. जून २०२४ मध्ये लवादाने, तिला ही दाद मागण्याचा अधिकारच पोहोचत नाही, एवढ्या कारणावरून तिचा अर्ज निकालात काढला. नियम योग्य की अयोग्य, यावर निर्णय झालाच नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेत अध्यक्षांचा आदेश निघाला, महाविद्यालयीन संघटनेने आपले धोरण फिरविले, आणि जुलै २०२५ मध्ये पेन्सिल्व्हानिया विद्यापीठाने सरकारशी समझोता करून आपल्या विक्रमांच्या नोंदी बदलण्याचे कबूल केले. जी शर्यत चालू नियमांनी झाली, तिच्यानंतर तीन वर्षांनी दरबारी दडपणाखाली नोंदवह्या दुरुस्त करण्यात आल्या. क्रीडेतील न्यायाच्या नावाने हे झाले असले, तरी मागाहून लावलेल्या नियमास न्याय म्हणण्याची आमची तयारी नाही.

या सर्व गदारोळात दोन आवाज झाकोळून गेले. पहिला एरिका सलिव्हनचा. टोकियो ऑलिंपिकमध्ये १५०० मीटरचे रौप्यपदक मिळविलेली ही जलतरणपटू अटलांटाच्या त्या शर्यतीत तिसरी आली. म्हणजे लिया नसती तर तिचा क्रमांक एकाने वर गेला असता. तरीही तिने लियाच्या बाजूने जाहीर लेख लिहिला. स्त्री-खेळाडूंवरील खरे अन्याय, त्यांना मिळणारा अपुरा पैसा आणि मार्गदर्शकांकडून होणारा छळ, यांकडे काणाडोळा करून एकाच मुलीमागे सर्वांनी का लागावे, असा तिचा रोख होता. दुसरा आवाज स्कायलर बेलार याचा. हार्वर्डच्या स्त्री संघासाठी निवड झालेला हा जलतरणपटू २०१५ मध्ये पुरुष संघात दाखल झाला आणि २०१९ पर्यंत, चार हंगाम, पुरुषांच्या बरोबरीने पोहला. स्त्री संघात त्याला मिळू शकणारी पदके त्याने आपण होऊन सोडली. आज तो व्याख्याने देतो, पुस्तके लिहितो, पारलिंगी मुलांना खेळात जागा मिळावी म्हणून झटतो. परंतु न्यायाच्या नावाने ओरडणाऱ्यांच्या भाषणांत त्याचे नाव सहसा येत नाही. कारण उघड आहे: पदकासाठी लिंग बदलतात, या समजुतीस तो सोयीचा नाही.

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्रात या प्रश्नाचे नाव जलतरणाशी नव्हे, तर क्रिकेटशी जोडले गेले आहे. मूळचे बीडचे माजी कसोटी क्रिकेटपटू संजय बांगर यांची कन्या अनाया ही पारलिंगी स्त्री. मुंबईत इस्लाम जिमखान्याकडून आणि इंग्लंडात लेस्टरशायरमधील एका क्लबकडून ती खेळली. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिने आपल्या बदलाची हकीकत जाहीर केली. त्याआधी एक वर्ष, नोव्हेंबर २०२३ मध्ये, आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने पुरुषी पौगंडावस्था ओलांडलेल्या खेळाडूंना आंतरराष्ट्रीय स्त्री-क्रिकेट बंद केले होते. जून २०२५ मध्ये अनायाने मँचेस्टर मेट्रोपॉलिटन विद्यापीठात झालेल्या आपल्या शारीरिक चाचण्यांचा आठ पानी अहवाल प्रसिद्ध करून परिषदेस व भारतीय नियामक मंडळास विचार करण्याची विनंती केली. एका व्यक्तीच्या चाचण्यांनी शास्त्रीय सिद्धान्त ठरत नाही, आणि स्वतःचा अहवाल स्वतः प्रसिद्ध करणाऱ्याच्या शब्दाला मर्यादा असतात, हे खरे. पण तिची मागणी काय आहे ते पाहावे: मोजा, तपासा, मग ठरवा. ही मागणी उद्दाम म्हणता येईल काय?

क्रिकेटच्या या प्रकरणात आमच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. आंतरराष्ट्रीय परिषदेने २०२३ साली स्पष्ट केले होते की आपला नियम फक्त आंतरराष्ट्रीय सामन्यांपुरता आहे, देशांतर्गत क्रिकेटचे ज्याने त्याने पाहावे. इंग्लंडच्या मंडळाने २०२४ च्या ऑक्टोबरात नियम केला तो वरच्या दोन व्यावसायिक श्रेणींपुरता. हौशी क्रिकेट मोकळे ठेवले. आणि मे २०२५ मध्ये, तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाचा हवाला देऊन, त्याच मंडळाने खेड्यापाड्यांतल्या रविवारच्या स्त्री-सामन्यांपर्यंत सगळीकडे दार बंद केले. जागतिक अजिंक्यपदासाठी आखलेली रेघ अठरा महिन्यांत गल्लीतल्या सामन्यावर येऊन ठेपली. अव्वल स्पर्धेत रेघ आखण्यास सबळ कारण असू शकते, असे आम्ही वर मान्य केलेच आहे. तेथे एका सेकंदाच्या शतांश भागावर पदक, शिष्यवृत्ती आणि नोकरी अवलंबून असते. ज्या सामन्यानंतर खेळाडू घरी जाऊन भाकरी भाजतात, त्या सामन्यासाठी तेच कारण कसे पुरते?

आणि येथेच डहाणू-तलासरीचा संबंध येतो. या दोन तालुक्यांत पोहणे कोणी प्रमाणपत्रावर शिकत नाही. बोर्डी-डहाणूच्या उथळ किनाऱ्यावर, जेथे ओहोटीला पाणी लांबवर मागे सरते, तेथे किंवा नदीच्या डोहात मुले आपसूक पोहायला शिकतात. २०११ च्या जनगणनेप्रमाणे तलासरीत दर दहा माणसांमागे नऊ अनुसूचित जमातींची आहेत. तेथल्या आश्रमशाळेतील मुलास स्पर्धात्मक खेळ भेटतो तो आदिवासी विकास विभागाच्या क्रीडास्पर्धांत, कबड्डी-खोखोच्या आणि धावण्याच्या रूपाने. आणि शाळा संपल्यावर तो भेटतो पोलीस भरतीच्या मैदानावर. शहरातील सुशिक्षित वाचकास कदाचित कल्पना नसेल, परंतु ग्रामीण महाराष्ट्रात धावण्याचा सराव म्हणजे बहुधा भरतीचा सराव. पहाटे अंधारात रस्त्याच्या कडेने धावणारी मुले-मुली ऑलिंपिकसाठी धावत नसतात. पुरुषांना १६०० मीटर, स्त्रियांना ८०० मीटर. गोळ्याचे वजनही निराळे. मैदानावर उभे राहताच शिपाई विचारतो, कोणत्या रांगेत? ज्याला या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर देता येत नाही, त्याची शर्यत शिट्टी वाजण्यापूर्वीच संपते.

हा प्रश्न काल्पनिक नाही. २०२२ साली महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणापुढे आणि मग मुंबई उच्च न्यायालयापुढे तो याच रूपात आला. पोलीस शिपायाच्या भरतीच्या अर्जात पुरुष व स्त्री यांखेरीज तिसरा रकानाच नव्हता. 'नाल्सा' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथीयांना घटनात्मक मान्यता दिली त्याला आठ वर्षे उलटून गेली होती, आणि राज्य सरकार न्यायालयात येऊन अडचणी सांगत होते. डिसेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने रकाना ठेवण्याचे वदवून घेतले आणि शारीरिक चाचणीचे निकष २८ फेब्रुवारी २०२३ पूर्वी ठरविण्यास बजावले. इतर राज्ये तोवर पुढे गेली होती. तामिळनाडूत प्रीतिका याशिनी हिला शंभर मीटरच्या धावण्यात सुमारे एका सेकंदाने मागे पडल्यामुळे नाकारण्यात आले होते. मद्रास उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१५ मध्ये तिच्या बाजूने निकाल दिला आणि ती फौजदार झाली. छत्तीसगडने २०२१ मध्ये १३ तृतीयपंथीयांना शिपाई म्हणून घेतले. छत्तीसगड काही महाराष्ट्राहून श्रीमंत नाही.

आमच्या या भागातील मुलास आणखी एक अडचण आहे, जी अटलांटाच्या किंवा मँचेस्टरच्या खेळाडूस कधी कळणार नाही. आदिवासी विद्यार्थ्यास सवलत मिळवावयाची तर जातीचा दाखला आणि मग त्या दाखल्याची पडताळणी या दोन दिव्यांतून जावे लागते. आजोबांच्या नावातील एका अक्षराने प्रकरणे वर्षानुवर्षे अडतात, हे या तालुक्यांत कोणासही विचारावे. त्यात नाव आणि लिंग या दोन्ही नोंदी बदलल्या, की शाळेचा दाखला एका नावाचा, जातीचा दुसऱ्या नावाचा आणि भरतीचा अर्ज तिसऱ्याच ओळखीचा, अशी अवस्था होते. २०१९ च्या केंद्रीय कायद्याने ओळखीच्या प्रमाणपत्राचे काम जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपविले. जिल्हाधिकारी बसतात पालघरला. तलासरीच्या आतल्या पाड्यावरून तेथे जाणे-येणे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडविणे. आणि कचेरीत आपल्याबद्दलची सर्वांत खाजगी गोष्ट अनोळखी कारकुनास समजावून सांगणे ही किंमत निराळीच.

कोणी म्हणेल, अशी मुले असतील तरी किती? २०११ च्या जनगणनेत 'इतर' या रकान्यात देशात ४ लाख ८७ हजारांहून अधिक, आणि महाराष्ट्रात सुमारे ४१ हजार माणसांची नोंद झाली. ज्यांनी तो रकाना भरण्याचे धैर्य केले नाही, ती यांत नाहीत. पण समजा, संख्या थोडीच आहे. तरी संशयाची झळ त्या थोड्यांपुरती राहत नाही. शांती सौंदरराजन हिचे उदाहरण आठवावे. तामिळनाडूतील पुदुकोट्टै जिल्ह्यातील वीटभट्टीवर राबणाऱ्या दलित आईबापांची ही मुलगी. ती पारलिंगी नव्हे. मुलगी म्हणूनच जन्मली, वाढली, धावली. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत तिने ८०० मीटरचे रौप्यपदक मिळविले आणि लिंगचाचणीच्या निर्णयाने ते काढून घेण्यात आले. ओडिशाच्या द्युती चंद हिला २०१४ मध्ये असाच फटका बसला. पण तिच्यामागे माणसे उभी राहिली, आणि जुलै २०१५ मध्ये क्रीडा लवादाने तो नियमच स्थगित केला. शांतीच्या वेळी कोणी उभे राहिले नव्हते. डहाणू-तलासरीतील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात. त्यांतली एखादी मुलगी उद्या फारच जोरात धावली, केस आखूड ठेवू लागली, आवाजाने थोडी घोगरी निघाली, तर हरलेल्या संघाचा मार्गदर्शक तिच्याकडे बोट दाखविणार नाही, याची हमी कोण देईल? स्त्री-गटाचे रक्षण म्हणून बसविलेला पहारेकरी पहिल्यांदा अडवितो तो गरीब घरच्या मुलींनाच.

याच तालुक्यात या प्रश्नाकडे पाहण्याची एक जुनी रीत घालून दिलेली आहे, आणि तिचा विसर पडू नये. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले आणि पुढे १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. वारल्यांची मुले शाळेत येत नाहीत, हे त्यांना दिसले. ती गुरे चारावयास जात. तेव्हा मुलांना शाळेच्या नियमात बसविण्याचा खटाटोप न करता या बायांनी शाळाच कुरणात नेली. तिला कुरणशाळा म्हणू लागले. पाड्याच्या अंगणात भरणाऱ्या बालवाडीची अंगणवाडी झाली, आणि तो शब्द पुढे साऱ्या देशाने घेतला. परीक्षा त्यांनी रद्द केल्या नाहीत, इयत्ताही मोडल्या नाहीत. दारातून आत कसे यावे, एवढेच बदलले. खेळाच्या बाबतीत हाच भेद करणे कठीण का जावे? अजिंक्यपदाच्या अंतिम शर्यतीत कोणी उतरावे, हे त्या त्या खेळाच्या महासंघाने, पुराव्यानिशी आणि अपिलाची सोय ठेवून ठरवावे. शाळेच्या मैदानात, तलावाच्या उथळ बाजूस आणि भरतीच्या रांगेत कोणी यावे, हा प्रश्न महासंघाचा नाहीच.

म्हणून आम्ही तीन गोष्टी सुचवितो. आश्रमशाळांच्या क्रीडास्पर्धांपूर्वी डहाणूच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाने लेखी सूचना काढावी की कोणत्याही मुलाच्या वा मुलीच्या लिंगाविषयी शिक्षकाने, पंचाने किंवा प्रतिस्पर्धी संघाने मैदानावर चौकशी करू नये. तक्रार असेल तर ती बंद पाकिटात वैद्यकीय अधिकाऱ्याकडे जावी, आणि तिचा निकाल लागेपर्यंत मूल खेळत राहावे. वसतिगृहांत आणि स्पर्धांच्या ठिकाणी कपडे बदलण्यासाठी कडी लागणारी एक तरी स्वतंत्र खोली असावी. हिचा लाभ पारलिंगी मुलांपेक्षा ऐन वयात आलेल्या साध्या मुलींनाच अधिक होईल. आणि पोलीस भरतीच्या प्रत्येक जाहिरातीत तिसऱ्या रकान्याबरोबर त्या उमेदवारांचे अंतर, वेळ आणि गोळ्याचे वजन आधीच छापलेले असावे, म्हणजे पहाटे रस्त्यावर धावणाऱ्यास आपण किती धावावयाचे आहे, हे तरी कळेल. यांतल्या पहिल्या दोन गोष्टींस ना मुंबईची परवानगी लागते, ना बुडापेस्टची. त्या प्रकल्प अधिकाऱ्यांच्या सहीने पुढच्या स्पर्धांच्या आत होऊ शकतात.